चार बोटं कापड

माणूस सोळाव्या वर्षीच सज्ञान, असा कायदा झाला तेव्हा शिवणाच्या कारखान्यात सगळ्यात आधी मावशींनीच मान डोलावली होती. "बरं झालं! मिसरूड फुटायच्या आत गुन्हे करतात मेले. जाऊ देत आता मोठ्यांच्याच तुरुंगात!"

पुढच्याच महिन्यात तुरुंगाकडून कैद्यांच्या कपड्यांची नवी मागणी आली. मापं लहान होती. मावशींनी कापड बेतायला घेतलं, पण हाताची सवय जाते कुठे? नातवंडांचे कपडे शिवताना ठेवावं तसं त्यांनी प्रत्येक पायजम्याच्या तळाशी चार बोटं कापड आत दुमडून ठेवलं.

कारखान्याचे मास्तर खेकसले, "कापड फुकट आलंय का? कैद्याच्या पायजम्याला दुमड कशाला?"

"वाढत्या अंगाची पोरं आहेत हो," मावशी बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

वर्षभराने तेच पायजमे परत आले. सगळे आखूड झाले होते, दुमड उसवून लांब करायचे होते. मावशी खाली मान घालून एकेक टाका उसवत राहिल्या. गठ्ठ्याच्या तळाशी एक पायजमा वेगळा बांधलेला निघाला. त्यांनी तोही उसवायला घेतला, तोच दारात तुरुंगाच्या शिपायाशी बोलून आलेल्या मास्तरांनी त्यांचा हात धरला.



"तो राहू द्या, मावशी. ते पोर आता वाढायचं नाही."