अनवाणी काउबॉय

"बूट कुठेत?" पडद्याआड श्रीरंगच्या पायांकडे बघत एजंट क्र्यूगरनं विचारलं.

डोक्यावर हॅट, अंगात झालरीचं जाकीट, गळ्यात गिटार. वरून अगदी झक्क काउबॉय. पाय मात्र उघडे. चंदेरी टाचांचे नवे बूट भिंतीशी जोडीनं ठेवलेले, आत मोजे खुपसलेले.

"गाताना घालत नाही मी," श्रीरंग म्हणाला. "आमच्यात पायताण घालून गायला उभं राहत नाहीत."

आठवडाभर जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यात नट आवळायचे आणि रविवारी दुपारी अमेरिकन सैनिकांच्या क्लबात कंट्री गाणी म्हणायची, असं दोन वर्षं चाललं होतं. आजवर तो काउंटरमागे उभा राहून गायचा, त्यामुळे त्याचे पाय कुणाला दिसलेच नव्हते. आज पहिल्यांदा उंच स्टेज होतं. आणि क्र्यूगरच्या खिशात वर्षभराच्या दौऱ्याचा करार होता. सही झाली की कारखाना सुटला. श्रीरंगला तो दौरा फार हवा होता.

"आल्झो, तर मग ऐका. लोक काउबॉय बघायला आलेत," क्र्यूगर म्हणाला. "फकीर नाही."

श्रीरंगच्या डोक्यात तिडीक गेली. सोबत आलेला त्याचा मित्र दत्तात्रय हळूच मराठीत म्हणाला, "अरे, घाल ना बाबा. पुण्यात कोण सांगायला जातंय?"

"पुण्याचा काय संबंध? गाणार मी आहे ना?"

त्यानं बूट उचलले. क्र्यूगरचा जीव भांड्यात पडला. पण श्रीरंग बूट हातात घेऊनच स्टेजवर गेला, ते माइकच्या पुढ्यात ठेवले आणि इंग्रजीत म्हणाला, "बूट बघायला आला असाल तर हे इथे आहेत. गाणं मी म्हणतो."

पुढच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं. श्रीरंगनं सुरुवात केली. तळपायाला फळ्या गारठ्यानं झोंबत होत्या, पण आवाज लागला. दुसऱ्या कडव्याला हसणाऱ्यानं ग्लास खाली ठेवला. तिसऱ्या गाण्याला सगळा हॉल सोबत गात होता.

बूट काखेत मारून तो पडद्याआड आला. क्र्यूगर करार आणि पेन घेऊन उभाच होता.

"गाता तुम्ही छान. पण दौऱ्यावर बूट पायात हवेत. तसं यात लिहिलंय. करा सही."

श्रीरंगनं पेन घेतलं नाही. काखेतले बूट काढून क्र्यूगरच्या हातात दिले.

"मग यांनाच न्या दौऱ्यावर. गातात का बघा."

"वेडा आहेस तू," दत्तात्रय पुटपुटला. "उद्या सकाळी सहाला पाळी आहे तुझी."

"आहे ना. तिथे घालीन की बूट."

बाहेर दोनशे सैनिक जमिनीवर बूट आपटत होते. त्यांना आणखी एक गाणं हवं होतं. श्रीरंग अनवाणीच परत गेला.