तीन चमचे तेल

"माझ्या पैशाचं तेल आहे. काढ डबा!" मी शेवंताच्या दारात ओरडले.

"सकाळी दिले ना तीन चमचे? भजी तळायला थेंब मिळणार नाही."

आम्ही शेजारणी, दोघीही एकट्या. किराणा एकत्र भरतो, स्वस्त पडतो. माझ्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून तेलाचा डबा तिच्याकडे. तिला मधुमेह, म्हणून साखरेची बरणी माझ्याकडे. ठरवलं आम्हीच, पण आज ती मला जेलर वाटली.

मी घरात गेले, बरणी आणली आणि तिच्या उंबऱ्यावर दाणकन ठेवली. "घे! मूठमूठ खा आणि मर एकदाची!"

वाटलं, आता बरणी माझ्याच डोक्यात घालते. पण ती दोन पावलं मागे सरकली. नजर बरणीवरून हलेना.

"ने गं ती," तिचा आवाज बारीक झाला. "घरात राहिली तर उद्यापर्यंत संपवीन मी."

मी बरणी उचलून काखेत घट्ट धरली.

"उद्या एक चमचा. वर दाणा जरी मागितलास तर तंगडं मोडीन."

"आणि तुला तीनच," म्हणत तिने माझ्या तोंडावर दार आपटलं.