एक पत्ता, त्रेचाळीस अर्ज

“अक्का, चोर सापडला!” प्रभंजन खुर्चीतून उठलाच. “एकाच ईमेलवरून त्रेचाळीस अर्ज. त्रेचाळीस! सगळे उडवले.”

मेधाअक्का समोर बसून चुरमुऱ्यांचं गिरमिट खात होत्या. विद्यानगरातलं मुलांचं वसतिगृह त्या वीस वर्षं चालवत होत्या आणि यंदा प्रवेशाची वेबसाइट त्यांना प्रभंजननं करून दिली होती. फुकट. का नाही देणार? त्याच वसतिगृहात चार वर्षं राहून, तिथलं पातळ सांबार पिऊन तो इंजिनिअर झाला होता. आता कोप्पीकर रोडवर दुसऱ्या मजल्यावर त्याची स्वतःची दोन खोल्यांची कंपनी होती.

जुन्या फॉर्मात ईमेलच्या रकान्यात कुणी काहीही भरायचं. एकानं नुसतं ‘नाही’ लिहिलं होतं, एकानं मामाचा फोन नंबर. प्रभंजननं कोड असा लिहिला की काय बिशाद कुणाची! पत्ता खरोखरचा हवा. त्यावर एक लिंक जाणार, ती दाबली तरच अर्ज पुढं. आणि शेवटची अट त्याची फार लाडकी: एक ईमेल, एक अर्ज. दुसरा आला की त्या पत्त्याचे सगळेच बाद.

“अरे, पाच वाजता यादी लागते,” अक्कांनी बोटं पुसली. “आज बाद झालं तर त्या मुलांचं वर्ष गेलं. एकदा फोन तरी कर.”

“बोगस आहेत हो सगळे.”

“असू देत बोगस. कर.”

त्रेचाळीस अर्जांवर फोन नंबरही एकच होता. प्रभंजननं अक्कांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

“हलो, गोपाळ झेरॉक्स, कलघटगी!” मागं मशीनचा खडखडाट.

“वसतिगृहाचे त्रेचाळीस अर्ज तुम्ही भरलेत?”

“हौद्री, होय की! चव्वेचाळीसावा आत्ता समोर बसलाय बघा.”

चोर इतका आनंदात असेल असं प्रभंजनला वाटलं नव्हतं. “मग सगळ्यांना तुमचाच ईमेल कसा?”

“दुसऱ्या कुणाचा घालू, तम्मा?” धाकट्या भावाला समजवावं तसं तो म्हणाला. “घरात एक फोन, तो बापाबरोबर रानात. पोरांना ईमेल काढून दिला तर आठ दिवसांत पासवर्ड विसरतात. माझा घातला की काळजी नाही. पत्र आलं की प्रिंट काढतो, गाडीला किक मारतो, घरी नेऊन देतो. पंधरा वर्षं झाली, एक पत्र चुकलं नाही.”

“असं चालत नाही. पत्ता ज्याचा त्याचा लागतो. म्हणून तर आम्ही लिंक पाठवतो, ती...”

“दाबली की! त्रेचाळीस वेळा दाबली. बोट दुखायला लागलं.”

अक्का खुदकन हसल्या. प्रभंजन चिडला. एवढं डोकं लढवून केलेला बंदोबस्त, आणि हा गडी त्यातून त्रेचाळीस वेळा ये-जा करून वर बोट दुखलं म्हणतो!

“हे बघा, मीही खेड्यातलाच आहे,” त्यानं ऐकवलं. “माझा अर्ज माझ्या अप्पांनी केला. पत्र सरळ आमच्या घरी आलं. मध्ये कुणी लागलं नाही.”

“असंल, तम्मा.” गोपाळचा आवाज एकदम उतरला. “मग या पोरांना काय सांगू मी?”

‘बघतो’ म्हणून प्रभंजननं फोन ठेवला. खरं तर बघण्यासारखं त्याच्या लेखी काही उरलं नव्हतं.

साडेचार वाजले. अक्कांनी पर्समधून पेनड्राइव्ह काढला. “हे घे. माजी विद्यार्थ्यांची यादी, त्यांच्या जुन्या अर्जांवरून केलेली. तीही चढवून टाक.”

त्यानं यादी लावली. लिंक सोडली तर तीच चाळण, तेच नियम. हिरव्या ओळी भराभर वर सरकू लागल्या आणि मध्येच लाल झाल्या. एकोणीस नावं बाद, सगळ्यांचा ईमेल एक.

“घ्या! जुन्यातही बोगस!” प्रभंजननं टाळी वाजवली. “बघू तर कोण कोण आहेत.” त्यानं पहिली लाल ओळ उघडली.

प्रभंजन पांडुरंग कट्टी. शेजारी गोपाळ झेरॉक्सचा ईमेल. खाली प्रभंजननं स्वतःच कोडमध्ये लिहिलेलं वाक्य: पत्ता ग्राह्य नाही, अर्ज रद्द.

त्याला तेरा वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली. दारात धुळीनं माखलेली गाडी उभी होती. एका माणसानं अप्पांच्या हातात घडी घातलेला कागद दिला, ताक प्यायला आणि ‘पोरगं शिकू दे’ म्हणून निघून गेला. इतकी वर्षं प्रभंजन त्याला पोस्टमनच समजत आला होता.

अक्कांनी वाकून पडद्यावरचं नाव वाचलं आणि घड्याळाकडं पाहिलं. पाचला वीस कमी. प्रभंजननं आपली लाडकी ओळ कोडमधून काढून टाकली. बाद झालेले त्रेचाळीस अर्ज एकामागून एक हिरवे झाले. मग त्यानं पुन्हा फोन लावला.

“गोपाळअण्णा, तो चव्वेचाळीसावा अजून बसलाय का? भरा त्याचा अर्ज, वेळ आहे.”

“भरतो, तम्मा. पण ईमेल कुठला घालू?”

“तुमचाच घाला अण्णा. माझ्या अर्जावरही तोच आहे.”