सोसायटीच्या आवारातले रण

गेल्या शनिवारी केळुसकरकाकूंचे गच्चीवर वाळत घातलेले दीडशे पापड गिरसप्पाच्या धबधब्याने भिजवले. दर शनिवारी सोसायटीच्या आवारात देशातले एखादे स्थळ ऊन-वाऱ्यासकट उतरवले जाई, आणि ते मतदानाने ठरे. या वेळी काकूंनी कच्छचे रण सुचवले.

"वहिनी, रणात बघायचं काय?" सेक्रेटरी दाभाडे म्हणाले. "मुलांना काझीरंगाचा गेंडा हवाय, आणि मतं त्यांचीच जास्त."

काकूंनी वाद घातला नाही. शुक्रवारी त्यांनी उडदाचे पीठ कुटले, लाट्या केल्या आणि तेलाची वाटी घेऊन जिन्यात बसल्या. मुले मुंगळ्यांसारखी जमली.

"काकू, अजून एक लाटी!"

"आधी सांग, मत कुणाला?"

"रणाला!"

शनिवारी पार्किंगपासून क्षितिजापर्यंत पांढरेशुभ्र मीठ चमकत होते. ऊन असे रणरणीत, की पापड तासाभरात कडकडीत वाळावेत. काकूंनी घरात पोळपाट मांडला, पदर खोचला आणि डबा उघडला. तळाशी दोनच लाट्या उरल्या होत्या.

तेवढ्यात दाराशी दाभाडे आले.

"वहिनी, मत मीही रणालाच दिलं हं," ते म्हणाले आणि तेलाची वाटी शोधू लागले.