मिठाचं कुंपण

ताईने तीन वर्षं काटेरी झुडपं वाढवली आणि संग्रहालयाच्या दालनात जिवंत कुंपण उभं केलं. पलीकडे मिठाचा ढीग ठेवला. कर चुकवून मीठ इकडे येऊ नये म्हणून परक्या सरकारने एकेकाळी मुलूखभर असंच कुंपण वाढवलं होतं. उद्घाटनाच्या सकाळी संचालक कडाडले, “काटे छाटा! पाहुण्यांना लागेल.” “लागणारच,” ताई म्हणाली, “ते शोभेसाठी नव्हतंच.” “मग दार उघडणार नाही!” बाही वर सारून ताईने कुंपणात खांद्यापर्यंत हात घातला आणि मूठभर मीठ काढलं. ओरखड्यांत मीठ चुरचुरत असणार. “एवढ्यासाठी माणसं तुरुंगात गेली, साहेब,” म्हणत तिने मूठ उघडली. संचालकांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं. मग पहारेकऱ्याला म्हणाले, “दार उघडा.”