रस्त्याची ही बाजू

या, खुर्ची जरा जवळ ओढा. हॅल्स्टेड रोडवरची गोष्ट आहे. मोठ्यानं सांगण्यासारखी नाही, पण सांगितल्यावाचून राहवतही नाही.

शेजारचं घर विकायला निघालं आणि अर्नेस्टाइन टॉलिव्हरच्या दाराची घंटा थांबेना. दलालांना शाळांबद्दल बरंवाईट बोलायची कायद्यानं बंदी. ते नुसते हसायचे आणि म्हणायचे, "शेजाऱ्यांना विचारा की." मग गिऱ्हाइकं अर्नेस्टाइनच्या पायऱ्या चढायची. चर्चमध्ये सगळे तिला 'मदर' म्हणत, त्यामुळे गल्लीतही ती मदरच.

"रस्त्याच्या या बाजूला ब्रायरवुडची शाळा ना? नक्की?" लोक फोन पुढे करत. शाळा घराच्या पत्त्यावरून ठरायची, आणि दोन शाळांची हद्द याच रस्त्यावरून जायची. फोनवर शाळांना दहापैकी गुण दिलेले. या बाजूला नऊ, समोरच्या बाजूला तीन. दोन्हीकडे तीच मेपलची झाडं, तीच विटांची घरं. पण समोरचं घर फुकट दिलं तरी ही माणसं तिकडे पाऊल टाकणार नाहीत.

एकानं तर आवाज खाली आणून विचारलं, "आणि मुलं... कुठली असतात?"

"आयांच्या पोटची," मदर म्हणाली आणि दार लावून घेतलं. मग दाराची मूठ फडक्यानं पुसली. किळसच आली तिला.

किळस येण्यासारखंच होतं. तिची नात जोनेल मदरच्या पत्त्यावर ब्रायरवुडच्या शाळेत सातवीत शिकत होती. राहायची मात्र रस्त्यापलीकडे, आईजवळ. रोज सकाळी आजीकडे यायची, अंडं-पाव खायची आणि शाळेची पिवळी बस इथून पकडायची. पलीकडच्या शाळेत विज्ञानाला वर्षभर शिक्षकच नव्हता. इथं पोरगी बेडूक चिरून त्याचं हृदय दाखवत होती आणि डॉक्टर होणार म्हणत होती.

पण ब्रायरवुडवाले दुसऱ्याच्या पत्त्यावर शिकणारी मुलं हुडकायला तपासनीस नेमत. ती माणसं गाडीतून मुलांच्या मागे थेट घरापर्यंत जात. एकदा सापडलं की शाळेचं दार बंद.

"ममा, कुणाशी बोलू नकोस," मदरची लेक टॅम्रा रोज बजावायची. "तुझ्या तोंडाला कुलूप नाही."

"प्रभूनं तोंड गायला दिलंय गं, कुलपाला नाही."

"मग गा. शब्द तेवढे घालू नकोस."

एका शनिवारी घर बघायला रेनिता नावाची बाई आली. तिनं फोन पुढे केला नाही. दारातच थबकली आणि आत लागलेल्या रेडिओकडे कान दिला. पास्टरांचं प्रवचन चाललं होतं. ते रंगात आले की बोलण्याचं गाणं कधी होतं ते कळत नाही. मागून ऑर्गन एकेका वाक्याला हुंकार देतो, आणि ऐकणाऱ्याचा जीव त्या हुंकारावर झुलत राहतो. "नदी रुंद आहे," पास्टरांनी सूर लावला. रेनितानं तो दारातूनच उचलला, "पण धनी पलीकडे उभा आहे!"

मदर विरघळली. बर्फ घातलेला गोड चहा आला, लिंबाचा केक आला.

"गळा कुणाचा गं हा, पोरी?"

"आईचा, मदर. चर्चच्या गायकवृंदात होती ती. तिच्या मांडीवर झोपूनच सगळी प्रवचनं ऐकली."

शाळेचा विषय रेनितानं काढला, पण तोंड वाकडं करून. "लाज वाटते हो विचारायची. घर बघायला निघालं की माणूस लेकरांना तराजूत घालायला लागतो. मी स्वतः मावशीच्या पत्त्यावर शिकले. घरी जाताना सारखं मागे बघायचे, कुणी येतंय का."

मदरच्या हातातली सुरी थांबली. "आमची जोनेलही अशीच बघते गं," ती बोलून गेली. एकदा बांध फुटला तो फुटलाच.

"मग इथंच का नाही झोपत ती?" रेनितानं हळूच विचारलं. "खोली तर आहे."

"लेकरानं आईचा श्वास ऐकत निजावं, बाई. शाळेपायी तेवढंही तोडायचं?"

रेनितानं डोळे पुसले. जाताना मदरला घट्ट मिठी मारली.

पुढच्या आठवड्यात शाळेचा अधिकारी आला. टाय लावलेला, मऊ बोलणारा. जोनेलला वर्गातून उठवून घरी पाठवलं होतं.

"मुलगी रात्री आईकडे असते," तो म्हणाला. "लेकरानं आईचा श्वास ऐकत निजावं, असं आपणच म्हणालात. तसं आम्हाला कळवलं गेलंय."

तो गेल्यावर मदरनं उरलेला केक बशीसकट कचऱ्यात टाकला.

"आजी, बेडूक अर्धाच राहिला गं," जोनेल एवढंच म्हणाली.

टॅम्रा कडाडली, "तपासनीस होती ती! तुझ्याच स्वयंपाकघरात बसून, तुझाच केक खाऊन गेली!"

रविवारी चर्चमध्ये प्रवचन गाण्यावर आलं तशी मदर बाकाला धरून रडली. प्रभू, पोटासाठी करते ती. भाड्यानं दिलेली जीभ, तिचा काय दोष? मन होत नव्हतं, तरी तिनं त्या बाईला क्षमा केली. प्रत्येक रविवारी नव्यानं करावी लागली, पण केली.

उन्हाळ्याच्या शेवटी, मदर चर्चहून परतली तेव्हा शेजारी सामानाचा ट्रक उभा होता. दोन मुलं हिरवळीवर धावत होती. त्यांच्यामागून रेनिता हात हलवत आली.

"मदर! घेतलं बघा घर. शाळेचे ते तपासनीस काही कामाचे नाहीत हो, शेवटी मलाच फोन करावा लागला. म्हटलं, आपली लेकरं घालायची तर आधी शाळा स्वच्छ करून घ्यावी. राग नाही ना? उद्या त्यांचा पहिला दिवस आहे. प्रार्थनेत आठवण ठेवा हं त्यांची."