ड्रॅगन मेला

अश्वजितला ड्रॅगनच्या गेममध्ये खोट काढायची भारी सवय. "गोष्ट चांगली हाय, पण हा ड्रॅगन उडता उडता डोंगरातच अटकून राह्यते," असं तो धाकट्या बहिणीला, दीपमालाला, सांगायचा आणि तरी तोच गेम खेळत बसायचा.

बोंडअळीच्या त्या वर्षी तो दुसऱ्याच्या कपाशीवर फवारणीला गेला आणि औषध डोळ्यांत गेलं. यवतमाळच्या दवाखान्यातून तो घरी आला, पण नजर काही परत आली नाही.

एका दुपारी त्यानं दीपमालाला जुना कॉम्प्युटर लावायला सांगितलं. ती शेजारी बसून "डावीकडं, दादा... आता मार," असं सांगत होती आणि तो चाचपडत बटणं दाबत होता. शेवटी ड्रॅगननं आग ओकली आणि पडद्यावर अश्वजितच्या योद्ध्याची राख झाली.

दीपमाला लगेच म्हणाली, "दादा, ड्रॅगन मेला. तू जितला."

 

अश्वजितनं कीबोर्ड हळूच बाजूला सारला. "या गेमचा आवाज मात्र लय चांगला हाय, दीपे. कोण मेलं ते बरोबर समजते."